बाल्सामिक व्हिनेगर: आधी लेबल वाचा

ताईंनो, आपल्यातल्या अनेक जणी बंगल्यांत स्वयंपाकाला जातात. तिथे काळसर, आंबट-गोड बाल्सामिक व्हिनेगरची बाटली दिसते. "याने शुगर उतरते" असेही कानावर येते. म्हणून हे समजून घेऊ.

हे व्हिनेगर मूळचे इटलीतल्या मोदेना आणि रेज्जो एमिलिया भागातले. पारंपरिक प्रकारात द्राक्षांचा रस आटवून लाकडी पिंपांत किमान १२ वर्षे मुरवतात. म्हणून त्याची १०० मिलिलिटरची बाटलीही फार महाग असते. मॉलमध्ये बहुधा मिळते ते द्राक्षरस आणि वाइन व्हिनेगर यांचे मिश्रण. 'मोदेना'चे अधिकृत नाव लावायचे तर ते किमान ६० दिवस मुरवावे लागते.

घेताना घटकांची यादी वाचा. जो घटक जास्त, तो आधी लिहितात. द्राक्षरस आधी असेल तर ते गोडसर. व्हिनेगर आधी असेल तर जास्त आंबट. वरून साखर किंवा रंग घातला आहे का, तेही पाहा.

कोशिंबिरीवर एक चमचा पुरतो. भाजीत घालायचे तर गॅस बंद करून घाला.

पण लक्षात ठेवा, त्यात द्राक्षांची साखर असतेच. ते औषध नाही. त्याच्या भरवशावर शुगरची गोळी बंद करू नका. आणि घरच्या कोशिंबिरीला आपले लिंबू काही कमी नाही!