आधी सोबत, मग हीटर

चि. ऋचास,



मिशिगनच्या थंडीत तुझ्या शुगर ग्लायडरला कोणता हीटर घ्यावा, असं तू विचारलंस. हीटर जरूर घे, पण आधी सोबत, मग घरटं, मग पोटभर खाणं, आणि हीटर या सगळ्यानंतर. झाडाझाडांवरून हवेत तरंगत जाणारा हा जीव जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून उष्णता भराभर निघून जाते. भोवतालचं तापमान साधारण 27 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की अंग उबदार ठेवायला त्याला जादा शक्ती जाळावी लागते. आपल्याला सुखाची वाटणारी 20 अंशांची खोली त्याच्या हिशेबी थंडच. त्यातून तो निशाचर. तुम्ही थर्मोस्टॅट उतरवून झोपता, तेव्हा त्याची धावपळ सुरू होते.

तू म्हणशील, हे प्राणी ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या हिवाळ्यात राहतात, 1835च्या सुमारास टास्मानियात नेलेलेही तिथे तगले, मग एवढी काळजी कशाला? तगले हे खरं, पण एकेकटे नव्हे. झाडाच्या ढोलीत पानांचा थर घालून चार-सहा जण एकमेकांना बिलगून झोपतात. बिलगल्यामुळे प्रत्येकाचं उघडं अंग कमी होतं आणि उष्णता तेवढी वाचते. गार पावसात खाणं मिळेनासं झालं, तर ते टॉर्परमध्ये, म्हणजे अंगाची ऊब उतरवून निपचित पडून राहण्याच्या अवस्थेत, जातात. रानात अशा वेळी शरीराचं तापमान सुमारे 10 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पण ही अडचणीच्या वेळची काटकसर आहे. तिच्यातून बाहेर पडायला अंगात साठवलेली शक्ती लागते, आणि ती एकट्या, अशक्त ग्लायडरकडे नसेल तर तो दगावू शकतो. म्हणून कान आणि पाय गार, अंग लुळं, असा तो निपचित दिसला, तर झोपलाय असं समजू नकोस. कापडात गुंडाळून छातीशी धर आणि हळूहळू ऊब दे. गरम पाणी नको, हेअर ड्रायर नको. पुरता शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू नकोस. आणि लगेच व्हेटला फोन कर.

दुसरा ग्लायडर म्हणजे खर्च आणि भांडणाची भीती, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून घाई करू नकोस. आधी दोन पिंजरे शेजारी ठेव, झोपायच्या पिशव्या अदलाबदल करून एकमेकांचा वास ओळखीचा होऊ दे, नराची नसबंदी करून घे. एवढा खटाटोप कशाला, तर एकटा पडलेला ग्लायडर खचतो, कधी स्वतःचेच केस उपटतो. केस गेले की थंडी आणखी बोचते, आणि ते दुःख हीटरने मिटत नाही. हीटरचेही धोके आहेतच: तापणाऱ्या दगडाने पोट भाजतं, दिव्याचा उजेड निशाचर डोळ्यांना जाचतो. प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅट लावून पिंजऱ्याबाहेर एकाच बाजूला ठेव, म्हणजे नको वाटलं तर त्याला दूर सरकता येईल. पिंजरा खिडकीपासून लांब असू दे आणि खोली 24 अंशांच्या आसपास ठेव. फ्लीसची पिशवी रोज उलटी करून बघ. एक सुटा धागा बोटाला आवळला, तर बोट जायची वेळ येते.

हा प्राणी दहा-बारा वर्षं जगतो. एवढे हिवाळे त्याला एकट्याने काढायला लावणं मला न्याय्य वाटत नाही. जोडीदार आणणं जमणारच नसेल, तर जिथे आधीच ग्लायडर आहेत अशा घरी त्याला देण्याचा विचार मनापासून कर.

तुझा,
मामा