मल्टीमीडिया स्मार्टफोनची पारख : नोकिया एन्-८ आणि त्याचे प्रतिस्पर्धी

शेतकऱ्याच्या अवजारांत आतां एका नव्या अवजाराची भर पडली आहे, आणि तें लोहाराच्या भट्टींतून आलेलें नाहीं. बाजारभाव पाहणें, पावसाचा अंदाज समजून घेणें, सात-बाराचा उतारा काढणें, पानावरील रोगाचें छायाचित्र काढून तें जाणत्या माणसाकडे पाठविणें, हीं सर्व कामें स्मार्टफोनवर होऊं लागलीं आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हांपासून पिकाची नोंद करण्यासाठींही खातेदारानें स्वतः शेतांत उभें राहून उभ्या पिकाचें छायाचित्र काढावें लागतें. असें असतां, बैल घेतांना दांत, खूर, खांदा आणि चाल पारखणारा आमचा शेतकरी हें यंत्र घेतांना मात्र दुकानांतील फलकावरचा सर्वांत मोठा आंकडा वाचतो आणि पैसे मोजतो. बैलाची पारख त्याला वाडवडिलांनीं शिकविली आहे. या यंत्राची कोणी शिकविली नाहीं. ती कशी करावी, याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणावरून करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरण मुद्दाम जुनें घेतलें आहे. आज जाहीर झालेल्या फोनची तुलना करूं लागणें हें पेरणीच्या दिवशींच उताऱ्याचा हिशेब मांडण्यासारखें आहे. २०१० सालीं बाजारांत एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या फोनांचा हंगाम आतां पुरा झालेला असून त्यांचा दाणा खळ्यांत पडलेला आहे, त्यामुळें कोणाच्या कणसांत किती भरलें होतें तें निश्चितपणें सांगतां येतें.

फिनलंडमधील नोकिया कंपनीनें २७ एप्रिल २०१० रोजीं एन्-८ हा फोन जाहीर केला. कर व सवलती वगळून त्याची किंमत सुमारें ३७० युरो सांगण्यांत आली होती. त्या वेळीं जगांतील स्मार्टफोनांत सर्वांत मोठा वाटा सिंबियन या कार्यप्रणालीचा होता, आणि एन्-८ हा तिच्या नव्या आवृत्तीवर चालणारा पहिला फोन होता. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राच्या सर्व अवयवांना कामास लावणारी आज्ञावली; गाडी, बैल व जूं सारें उत्तम असलें तरी गाडीवानावांचून गाडी चालत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. नोकियासमोर तीन प्रतिस्पर्धी प्रमुख होते. सोनी एरिक्सनचा एक्सपीरिया एक्स-१० नोव्हेंबर २००९ मध्यें जाहीर झाला होता, सॅमसंगचा गॅलॅक्सी एस मार्च २०१० मध्यें, आणि अॅपलचा आयफोन ४ हा ७ जून २०१० रोजीं, म्हणजे एन्-८ जाहीर झाल्यानंतर पण तो गिऱ्हाइकाच्या हातीं पडण्यापूर्वीं, पुढें आला.

एन्-८ ची सर्व कीर्ति त्याच्या कॅमेऱ्यावर होती. फलकावर लिहिलेलें असे : बारा मेगापिक्सेल. आयफोनचा कॅमेरा पांच मेगापिक्सेलचा, सॅमसंगचाही पांचाचाच, आणि सोनी एरिक्सनचा आठाहून किंचित् अधिक. बारा हे पांचांच्या दुपटीहून अधिक, तेव्हां छायाचित्रही दुपटीहून चांगलें, असा हिशेब गिऱ्हाईक करतें. आणि याच ठिकाणीं तें फसतें. वाचकांनीं येथें थोडें थांबून नीट समजून घ्यावें.

कॅमेऱ्याच्या भिंगामागें सेन्सर नांवाची एक चिमुकली चकती असते व तिच्यावर प्रकाश टिपणारे लक्षावधि बारीक बिंदु ओळींनीं मांडलेले असतात. दहा लक्ष बिंदूंस एक मेगापिक्सेल म्हणतात. ही चकती म्हणजे शेत आणि बिंदु म्हणजे रोपें असें समजा. एका एकरांत पांच हजार रोपांऐवजीं बारा हजार रोपें कोंबलीं, तर रोपें वाढतील. उतारा वाढेलच असें नाहीं, कारण प्रत्येक रोपाच्या वांट्यास येणारा ऊन-वारा कमी होतो. बिंदूंचें तसेंच आहे. लहान चकतीवर बिंदु दाटीनें बसविले कीं प्रत्येकाच्या वांट्यास प्रकाश थोडा येतो, आणि सायंकाळच्या किंवा घरांतल्या मंद उजेडांत काढलेलें चित्र रवाळ व मळकट उतरतें. पुष्कळ कारखानदार हेंच करीत आले आहेत, कारण फलकावर मोठा आंकडा लिहिण्यास त्यांना चकती मोठी करावी लागत नाहीं.

नोकियानें तसें केलें नव्हतें, हें तिच्या बाजूनें स्पष्ट सांगितलें पाहिजे. एन्-८ आणि आयफोन ४ या दोहोंतील बिंदूंमधील अंतर सारखेंच, म्हणजे १.७५ मायक्रॉन होतें. परंतु आयफोनची चकती सुमारें साडेचार मिलिमीटर लांब व ३.४ मिलिमीटर रुंद, तर एन्-८ ची सात मिलिमीटर लांब व सव्वापांच मिलिमीटर रुंद. क्षेत्र जवळजवळ अडीचपट. येथें रोपें दाट केलेलीं नसून रान वाढविलेलें होतें. म्हणूनच एन्-८ चें छायाचित्र खरोखर सरस उतरे, आणि तें बारा या आंकड्यामुळें नव्हे तर त्या चकतीच्या आकारामुळें. मोठ्या चकतीला मोठें भिंग लागतें, त्यास अंतरही अधिक लागतें, आणि म्हणून त्या फोनच्या पाठीला कुबड आलेलें होतें. तें कुबड पाहून दुकानांत नाक मुरडणाऱ्यांस त्याचें मोल कळलें नव्हतें, असें आम्हांस वाटतें.

प्रकाशझोताचीही तीच गोष्ट. एन्-८ मध्यें झेनॉन जातीचा दिवा होता. तो क्षणभरच पण अत्यंत प्रखर लखलखतो व वाऱ्यानें हलणारें पान जागच्या जागीं गोठल्यासारखें टिपतो. आयफोन व सोनी एरिक्सन यांत एलईडीचा सौम्य दिवा होता, आणि गॅलॅक्सी एस मध्यें दिवाच नव्हता. उलट, चलच्चित्र घेतांना मात्र एलईडी सतत तेवत ठेवतां येतो. झेनॉनला तें साधत नाहीं.

या कॅमेऱ्याची एक मौजेची हकीकत सांगण्यासारखी आहे. ब्रिस्टल येथील आर्डमन या चित्रपटसंस्थेनें २०१० सालीं ‘डॉट’ नांवाचा लहानसा चित्रपट एन्-८ वर घेतला. त्यांतील नायिका अवघी नऊ मिलिमीटर उंचीची बाहुली होती, आणि फोनला सेलस्कोप नांवाचें सूक्ष्मदर्शक जोडून तिचें एकेक चित्र टिपलें होतें. बोटभर उंचीचीही नसलेली बाहुली ज्या यंत्रानें टिपली, त्यास मावा किंवा फुलकिडे टिपणें अवघड गेलें नसतें.

बाकीचे गुण थोडक्यांत सांगतों. एन्-८ ला तार लावून त्यांतील चित्र थेट दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखवितां येई. पेनड्राइव्ह जोडतां येई. त्यांतील गाणें जवळच्या रेडिओवर ऐकतां येई. नकाशे अगोदर उतरवून ठेविले तर जाळें नसलेल्या मुलखांतही रस्ता सांपडे, आणि खेड्यांतील माणसास हा गुण शहरवासीयांपेक्षां अधिक कळेल. अंगभूत साठा १६ गीगाबाइट असून वर कार्ड घालण्याची सोय होती. आयफोनला अशी सोय नव्हती. बॅटरी मात्र १२०० मिलिअँपिअर-तासांची, चौघांत सर्वांत लहान. सॅमसंग व सोनी एरिक्सन यांची प्रत्येकीं १५०० ची होती, व सॅमसंगची तर गिऱ्हाइकास स्वतः काढून बदलतां येई.

येथवर वाचून कोणासही वाटेल कीं, एन्-८ घ्यावा व मोकळें व्हावें. परंतु आतां गाडीवानाकडे वळलें पाहिजे. गॅलॅक्सी एस चा संस्कारक एक गीगाहर्ट्झ वेगाचा, एन्-८ चा ६८० मेगाहर्ट्झचा. तात्कालिक स्मृति आयफोन व सॅमसंग यांत ५१२ मेगाबाइट, एन्-८ मध्यें निम्मी. पडदा सॅमसंगचा चार इंचांचा, एन्-८ चा साडेतीन इंचांचा. आयफोनचाही साडेतीनचाच, पण त्यावरील अक्षर इतकें रेखीव कीं छापील पुस्तक वाटावें. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वापर. एन्-८ प्रथम आला तेव्हां तो उभा धरला असतां त्यावर पूर्ण अक्षरमाला उमटत नसे. जुन्या फोनच्या आंकड्यांच्या खुंट्यांसारखीच मांडणी मिळे. पूर्ण अक्षरांसाठीं फोन आडवा करावा लागे. दिवसांतून पन्नास वेळां पडणारा हा पेंच कोणत्याही कोष्टकांत छापला जात नाहीं.

आयफोन निर्दोष होता असें मात्र कोणीं समजूं नये. खालच्या डाव्या कोपऱ्यावर हात ठेवून तो धरला असतां जाळ्याचा जोर खालावे, अशा तक्रारी इतक्या झाल्या कीं १६ जुलै २०१० रोजीं अॅपलला खास सभा बोलावून गिऱ्हाइकांस फुकट आवरण देण्याचें जाहीर करावें लागलें. त्याची अमेरिकेंतील किंमतही फसवी. १९९ डॉलर हा आंकडा पाहून तो स्वस्त वाटे, पण त्यासाठीं एकाच टेलिफोन कंपनीशीं दोन वर्षांचा करार करावा लागे. सावकार बी उधार देतो आणि पीक आपल्याच अडतीवर घालण्याची अट लिहून घेतो, त्यांतलीच ही किंमत होती. तथापि अॅपलच्या बाजूस एक भक्कम गोष्ट होती : जून २०१० मध्यें त्या कंपनीच्या भांडारांत दोन लक्ष पंचवीस हजार निरनिराळे कार्यक्रम, म्हणजे अॅप्स, उपलब्ध होते. जो यंत्रासाठीं नवनवे कार्यक्रम लिहितो तो कारागीर कोणाच्या दाराशीं जातो, हें पाहणाऱ्यास वारा कोणीकडे वाहतो तें कळत होतें.

एन्-८ ३० सप्टेंबर २०१० पासून गिऱ्हाइकांस मिळूं लागला. त्याच महिन्यांत स्टीफन एलॉप नोकियाचे मुख्याधिकारी झाले होते. ११ फेब्रुवारी २०११ रोजीं त्यांनीं जाहीर केलें कीं, यापुढें नोकियाचे प्रमुख स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या प्रणालीवर चालतील. ज्यानें एन्-८ पहिल्याच दिवशीं घेतला, त्याच्या यंत्राच्या प्रणालीचें भवितव्य असें साडेचार महिन्यांत ठरून गेलें. न्यायानें सांगावयाचें तर कंपनीनें त्यास लगेच वाऱ्यावर सोडलें नाहीं. २०११ मध्यें अॅना व २०१२ मध्यें बेल या सुधारित आवृत्त्या त्यास मिळाल्या आणि उभ्या अक्षरमालेची उणीवही भरून निघाली. परंतु ज्या जातीचें बी पुढें तयार करावयाचें नाहीं असें उत्पादकानेंच सांगितलें, ती जात कोण जोपासणार ? कार्यक्रम लिहिणारे कारागीर उठून गेले. १ जानेवारी २०१४ पासून नोकियाच्या भांडारानें सिंबियनसाठीं नवे कार्यक्रम व सुधारणा घेणें बंद केलें, आणि २५ एप्रिल २०१४ रोजीं नोकियाचा फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टकडे गेला.

प्रतिस्पर्ध्यांचें काय झालें तेंही पाहूं. एक्सपीरिया एक्स-१० आला तोच मुळीं अँड्रॉइडची १.६ ही शिळी आवृत्ति घेऊन, आणि २०११ मध्यें २.३ वर येऊन थांबला. गॅलॅक्सी एस हाही २.३ पर्यंतच पोंचला, पुढची ४.० आवृत्ति त्यास देतां येणार नाहीं असें सॅमसंगनें डिसेंबर २०११ मध्यें कळविलें. आयफोन ४ ला चौथ्या आवृत्तीपासून सातव्यापर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, सुधारणा मिळत राहिल्या, जरी शेवटच्या आवृत्तीच्या ओझ्यानें तो दमून चालत असे.

यावरून दुकानांत काय विचारावें तें ठरवितां येतें. मेगापिक्सेल किती हें विचारण्यापेक्षां दुकानाच्या आंतील काळोख्या कोपऱ्यांत जाऊन दोन यंत्रांनीं एकाच वस्तूचें चित्र काढून पाहावें. तालुक्याच्या गांवीं दुरुस्तीची सोय आहे काय, बॅटरी बदलून मिळते काय व काय दरानें, हें विचारावें. आणि सुरक्षिततेच्या सुधारणा किती वर्षें देण्याचें वचन कंपनीनें प्रसिद्ध केलें आहे, तें दुकानदाराच्या तोंडून न ऐकतां कंपनीच्या लेखी पत्रकांत पाहावें. गूगलनें २०२३ च्या पिक्सेल ८ साठीं आणि सॅमसंगनें २०२४ च्या गॅलॅक्सी एस-२४ साठीं सात वर्षांचें वचन दिलें आहे. हे महाग फोन आहेत. स्वस्त फोनांस इतकी मुदत सहसा मिळत नाहीं. म्हणून बारा हजारांचा फोन दोन वर्षांत टाकावा लागला तर वर्षाला सहा हजार पडले, आणि तीस हजारांचा सहा वर्षें चालला तर पांच हजार, असा हिशेब बैलजोडीप्रमाणेंच येथेंही मांडून पाहण्यास हरकत नाहीं. ज्यास केवळ बोलणें व निरोप धाडणें इतकेंच काम आहे, त्यानें यांपैकीं कांहींच न करतां साधा खुंट्यांचा फोन घ्यावा, असें आमचें मत आहे.

राहतां राहिला प्रश्न, चौघांपैकीं कोण किती दिवस उपयोगी पडला. गांवोगांवच्या शेतकरी मंडळींत भाव, हवामान व रोगांचीं छायाचित्रें आज ज्या व्हॉट्सअॅपवरून फिरतात, त्याचेंच माप लावून पाहूं. सिंबियनवर चालणाऱ्या नोकियाच्या फोनांस व्हॉट्सअॅपनें ३० जून २०१७ रोजीं आधार देणें थांबविलें. त्या दिवशींही एन्-८ चें भिंग व ती मोठी चकती पूर्वींसारखींच उत्तम चित्र काढीत होतीं. फक्त तें चित्र व्हॉट्सअॅपवरून कोणाकडे पाठवितां येत नव्हतें. अँड्रॉइड २.३ वर थांबलेले दोन्ही फोन आणि आयफोन ४ यांस तो आधार १ फेब्रुवारी २०२० पर्यंत मिळत राहिला.