जीवाची ओळख : संबंध, संस्कार आणि स्वरूप

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि असून परस्परांहून भिन्न आहेत, हा महानुभाव तत्त्वज्ञानाचा पाया होय. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त, प्रपंच जड आणि जीव बद्धमुक्त, असा या चौघांचा भेद प्रत्येक उपदेशी व्यक्तीला ठाऊक असतो. तथापि पाठ झालेला सिद्धांत आणि आकळलेला सिद्धांत यांत अंतर असते. चारही पदार्थांची लक्षणे अस्खलित सांगणाऱ्या साधकाला ‘तू कोण?’ असे विचारले, तर त्याच्या मुखातून प्रथम नाव निघते, मग गाव, मग कूळ, आणि तो अनुसरलेला असेल तर गुरूचे नाव व आश्रम. ‘मी बद्धमुक्त जीव’ हे उत्तर ग्रंथात राहते. व्यवहारात उत्तर निराळेच दिले जाते. हे निराळे उत्तर कोठून येते आणि ते खरे मानून चालल्याने साधकाची कोणती हानी होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जीव काय नव्हे?

एखादा पदार्थ इतर पदार्थांहून वेगळा काढून ओळखणे याला अन्यव्यावृत्ती म्हणतात. सूत्रपाठात त्या नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. परमेश्वराला अन्यांहून निराळा जाणण्यासाठी सांगितलेली ही रीत जीवाविषयी लावून पाहिली असता तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली, जीव हा प्रपंच नव्हे. देह, वर्ण, कूळ, भाषा, रूप ही सर्व प्रपंचाकडची आहेत. ती जन्मासमवेत मिळतात आणि मरणासमवेत सुटतात. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी भिक्षेसाठी वर्णभेद मानू दिला नाही, स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला आणि रजस्वलेचा विटाळ मानू नये, तो देहाच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव आहे, असे समजावले. या आज्ञांकडे केवळ समाजसुधारणा म्हणून पाहणे अपुरे आहे. देहाच्या धर्मावरून जीवाची योग्यता ठरत नाही, हा पदार्थविचारच तेथे आचाररूपाने प्रकटला आहे.

दुसरी, जीव हा देवता नव्हे. देवतांकडून मिळणारी फळे, म्हणजे ऐश्वर्य, विद्या, कीर्ती, स्वर्गसुख, ही कर्माच्या मोबदल्यात येतात व भोगून संपतात. कुशाग्र बुद्धी लाभलेला मनुष्य ‘मी बुद्धिमान’ म्हणतो, मधुर कंठ लाभलेला ‘मी गायक’ म्हणतो. लाभलेली वस्तू आणि लाभ घेणारा यांची ही गल्लत आहे.

तिसरी, जीव हा परमेश्वर नव्हे. येथे अद्वैतमताशी पंथाचा स्पष्ट विरोध आहे. उपाधी सरल्या की जीव ब्रह्मच उरतो, असे अद्वैती मानतात. महानुभाव सिद्धांताप्रमाणे मोक्षातही जीव जीवच राहतो. तो परमेश्वराचा आनंद भोगतो, परमेश्वर होत नाही. अविद्या हा जीवाचा बंध आहे, जीव हा अविद्येचा भास नव्हे.

हा तिसरा मुद्दा साधकाला फार धीर देणारा आहे. नाव, कूळ, विद्या हे सर्व बाजूस सारले तर मागे शून्य उरेल, अशी भीती पुष्कळांना वाटते आणि म्हणून ते या गोष्टींना घट्ट धरून बसतात. सिद्धांत सांगतो की मागे शून्य उरत नाही; परमेश्वराच्या ज्ञानाला व प्रेमाला योग्य असा एक जीव उरतो. सोडावयाचे ते संबंध आहेत, संबंध जोडणारा नव्हे.

संबंधाचा संस्कार

आता दुसरा प्रश्न. जीव जर नाव, कूळ, विद्या यांहून भिन्न आहे, तर त्याला ती आपली का वाटतात? उत्तर एका घरगुती दृष्टांताने पाहता येईल.

दृष्टांत : एका घरी हिंगाची डबी होती. वर्षानुवर्षे तिच्यात हिंग ठेवला जाई. एके दिवशी हिंग संपला. गृहिणीने डबी घासली, उन्हात ठेवली आणि तिच्यात वेलदोडे भरले. चार दिवसांनी पाहते तो वेलदोड्यांना हिंगाचा दर्प. तिने चिडून म्हटले, ‘ही डबीच हिंगाची!’

दार्ष्टांतिक : डबी धातूची होती, हिंगाची नव्हती. परंतु दीर्घ सहवासाने तिला असा वास लागला की पाहणाऱ्याने वासालाच डबीचे स्वरूप मानले. तसा जीव ज्याच्या सहवासात राहतो, त्याचा वास त्याला लागतो. मग जग त्या वासाने त्याला ओळखते आणि तोही स्वतःला त्याच वासाने ओळखू लागतो. वास खरा आहे. तो नाहीच असे म्हणून भागत नाही, कारण वेलदोडे बिघडले आहेत. मात्र वास म्हणजे डबी नव्हे, म्हणूनच ती शुद्ध होण्याची आशा आहे.

दृष्टांत एकदेशी असतो. डबीत हिंग कधीतरी प्रथम ठेवला गेला. जीवाची अविद्या मात्र अनादि आहे, तिला पहिला दिवस नाही. शिवाय डबी गृहिणीच्या हातांनी घासली जाते. जीवालाही आपला अनादि मळ स्वसामर्थ्याने काढता येत नाही. त्यासाठी परमेश्वराने ज्ञान द्यावे लागते. साधकाच्या हाती असते ते आज्ञापालन आणि नवा हिंग न भरण्याची दक्षता.

शंका आणि समाधान

येथे अशी शंका उद्भवते : नाव, देह, स्मृती हे काहीच जीवाचे स्वरूप नसेल, तर मागील जन्मीच्या कर्माचे फळ या जन्मी भोगणारा ‘तोच’ कशावरून? त्याला तर काही आठवत नाही.

या शंकेच्या मुळाशी स्मरण म्हणजेच ओळख, असे गृहीत धरलेले आहे. व्यवहारात पाहू. वार्धक्यात काहींना विस्मरणाचा रोग जडतो. आई मुलाला ओळखत नाही, स्वतःचे घर विसरते, कधी स्वतःचे नावही विसरते. म्हणून ती ‘ती’ नाही असे मुलगा म्हणत नाही. तो तिला भरवतो, न्हाऊ घालतो, आणि तिने विचारलेला तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकून घेतो. कोणी त्याला म्हटले की ‘तुझी आई आता उरली नाही’, तर ते त्याच्या मनाला पटत नाही. स्मृती गेली तरी जिची स्मृती गेली ती आहेच, हे त्याला तर्कावाचून कळते. ऋणको ऋण विसरला म्हणून ऋण फिटत नाही. तसेच कर्ता कर्म विसरला म्हणून कर्म निष्फळ होत नाही.

अशा वृद्ध उपदेशी व्यक्तीच्या घरी आप्तांना आणखी एक दुःख असते. जन्मभर जिने नामस्मरण केले, तिला आता नामही आठवत नाही. मग तिची साधना वाया गेली काय? ज्या जीवाने ती क्रिया केली तो जीव नष्ट झालेला नाही. मेंदू हा प्रपंचातील अवयव आहे, तो थकला. केलेली भक्ती जाणणारा परमेश्वर सर्वज्ञ आहे आणि त्याच्या ठायी विस्मरण नाही. घरच्यांनी तिच्याजवळ बसून नाम घ्यावे, लीळा वाचावी. ती ओळखते की नाही याची परीक्षा पाहत बसू नये.

किंबहुना अविद्या हीसुद्धा एक प्रकारची अनोळखच आहे. ती वृद्धा मुलाला ओळखत नाही याचे सर्वांना दुःख होते. आपण स्वतःला आणि आपल्या उद्धारकर्त्याला अनादि काळापासून ओळखत नाही, याचे दुःख मात्र थोड्यांनाच होते.

लोक कशावरून ओळखतात?

बाह्य खुणांवरून केलेली ओळख किती फसवी असते, हे लीळाचरित्रातील हरिपाळदेवांच्या प्रसंगावरून दिसते. गुजरातच्या प्रधानाच्या पुत्राचा देह पडला आणि श्रीचांगदेव राउळांनी तो देह स्वीकारला, अशी पंथाची धारणा आहे. भडोचच्या लोकांनी चेहरा पाहिला, आवाज ऐकला आणि ‘आपला हरिपाळ उठला’ असे मानले. माता, पिता, पत्नी कोणालाही तेथे कोण आहे हे कळले नाही. पुढे द्यूतात हरल्यावर पत्नीने अलंकार देण्यास नकार दिला, त्या निमित्ताने वैराग्य प्रकट केले गेले आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त होऊन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली. अवताराची ही लीळा जीवाला जशीच्या तशी लावावयाची नसते. परंतु निकटचे आप्तही देहापलीकडे पाहू शकत नाहीत, एवढा बोध त्यातून साधकाने अवश्य घ्यावा.

संबंधत्याग आणि नवे संबंध

याच कारणास्तव आचारप्रकरणात स्वदेश, स्वग्राम आणि विशेषतः आप्तस्वकीय यांचा संबंध सोडण्याची आज्ञा आहे. गाव वाईट असते म्हणून ते सोडावयाचे नाही. ज्या गावी प्रत्येक जण ‘अमक्याचा मुलगा’ म्हणून हाक मारतो, तेथे जुना वास दर क्षणाला ताजा होतो, म्हणून सोडावयाचे. महाराष्ट्रात राहण्याची जी आज्ञा आहे तीही देशाभिमानासाठी नाही; धर्मानुष्ठानाला तो देश अनुकूल म्हणून आहे. स्वामींचा स्वीकृत देह गुजरातचा होता, आणि पुढे पंजाबपर्यंत पोचलेल्या या मार्गाच्या अनुयायांनी मराठी शास्त्र आपले मानले, हे येथे लक्षात घ्यावे.

परंतु खरी कसोटी त्यागानंतर लागते. घर सुटते, आश्रम मिळतो. जुने नाव मागे पडते, नवे आदराचे नाव येते. ‘आम्ही अमुक महंतांचे’, ‘आम्हाला अनुसरून इतकी वर्षे झाली’, ‘आमच्या आश्रमाची पोथी जुनी’ ही वाक्ये ऐकताना ‘आमचे वाडवडील पाटील’ हे वाक्य आठवल्याशिवाय राहत नाही. डबी घासली खरी, पण पुन्हा हिंगच भरला. वासनिकांच्या घरीही हेच घडते. पिढीजात उपदेशी असल्याचा अभिमान बाळगणारे घर सोयरिकीच्या वेळी प्रथम जात पाहते. ज्या ज्ञानाने जात बाजूस सारली, त्या ज्ञानाचाच येथे कुळाचार झाला.

या ठिकाणी केसोबासांचे उदाहरण मननीय आहे. ते संस्कृतचे मोठे पंडित. ‘रत्नमालास्तोत्र’ ही त्यांची संस्कृत रचना विद्वन्मान्य. त्यांनी पुढे संस्कृतात लिहू नये, त्यामुळे पंथातील साध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, असे आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना सांगितले. पंडिताला आपली विद्या म्हणजे आपण स्वतः वाटत असते. ती बाजूस ठेवणे हे घर सोडण्याहून कठीण. केसोबासांनी ती ओळख सोडली आणि मराठीत सूत्रपाठाचे संकलन केले, दृष्टांतपाठ सिद्ध केला. ज्या वृद्धांसाठी त्यांनी पांडित्याचा मान सोडला, त्यांच्यासारख्यांच्या मुखी ते शब्द आजही आहेत. त्यांची विद्या नष्ट झाली नाही. ती सेवेला लागली.

साधकाने काय करावे?

संबंधाने वास लागतो, तर संबंधानेच तो पालटतो. म्हणून नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण सांगितले आहे. स्मरण हा परमेश्वराशी जोडलेला सहवास होय. भिक्षुकाने अटन व भिक्षा यांना केवळ रूढी मानू नये. अनोळखी दारी उभे राहिल्यावर तेथे आपले नाव, मान, आश्रम कोणालाही ठाऊक नसतो. त्या घडीला स्वतःविषयी जे उरते त्याकडे लक्ष द्यावे. कोणी ‘पुढे जा’ म्हटले आणि मनाला डंख बसला, तर डंख कोणाला बसला हे तपासावे. गृहस्थाने घरची कर्तव्ये सोडावयाची नाहीत. पिता, पुत्र, शेतकरी, शिक्षक ही नाती पूर्णपणे निभवावीत, मात्र ती जन्मापुरती आहेत हे जाणून. दिवसातून एकदा तरी निवांत बसून, यांपैकी काहीही सांगितल्याविना परमेश्वरापुढे उभे राहता येते का, हे पाहावे.

त्याच्यापुढे उभे राहताना नाव, कूळ, पांडित्य यांची ओळख द्यावी लागत नाही. जीवाने स्वतःला ओळखले नसले तरी त्याने जीवाला ओळखलेले आहे, आणि उद्धाराचा सारा भरवसा या एकाच गोष्टीवर आहे.