वंगणात पाणी कोठून आले?

मालमोटारीच्या डिझेल इंजिनात दोन द्रव अखंड फिरत असतात. वंगणतेल फिरत्या भागांवर पातळ थर धरून धातूला धातू घासू देत नाही. शीतजल सिलिंडरांची उष्णता रेडिएटरकडे वाहून नेते. दोघांच्या वाटा जागोजाग लगटून जातात आणि काही ठिकाणी मध्ये केवळ रबराचे एक कडे असते. ते खराब झाले, की पाणी तेलात उतरते. पाण्याचा थर तेलाच्या थराइतका भार पेलू शकत नाही. त्यामुळे क्रँकची बेअरिंगे थोड्याच प्रवासात खरवडून निघतात. बेळगावाहून घाटाने गोव्याला भाजी नेणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे सारे भांडवल अशा एका इंजिनात गुंतलेले असते.

तेलाची पट्टी ओढून पाहावी. पातळी भरल्यावाचून वाढलेली, रंग दुधाच्या कॉफीसारखा आणि बाहेर कोठे गळती नसता रेडिएटरमधील पाणी कमी, अशी तिन्ही लक्षणे जुळली तर शंकेला जागा आहे. तेल ओतण्याच्या झाकणाखाली नुसता पांढरट फेस दिसला, तर मात्र घाबरू नये. थंडीत थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या केल्यास हवेतील बाष्पही तेथे जमते.

खात्री करण्याचा उपाय विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. वंगणाची विशिष्ट घनता 0.9 च्या आसपास, पाण्याची 1 आणि एथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या शीतजलाची त्याहून अधिक. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी तेलाच्या चेंबरचा तळचा बोल्ट हळूच सैल केला, तर तेलाआधी पाणी बाहेर येते. हे पाणी विषारी आणि चवीला गोडसर असते. ते उघड्या भांड्यात ठेवू नये.

एवढे ठरले, की इंजिन पुन्हा सुरू करू नये. सिलिंडरात पाणी साचले असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता खरा प्रश्न वाटेचा. पुष्कळ कारागीर येथे लगेच हेड उतरवून गास्केट बदलतात. आमच्या मते ही घाई होय. आधी दाबाचा विचार करावा. इंजिन चालू असता तेलाचा दाब शीतजलाच्या दाबाच्या तीन-चार पट असतो. बंद होताच तो शून्यावर येतो, परंतु तापलेल्या रेडिएटरमधील दाब बराच वेळ टिकतो. म्हणून ऑईल कूलरला भेग असेल, तर चालताना तेल पाण्यात जाते आणि थांबल्यावर पाणी तेलात! रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसला, की प्रथम कूलरवर संशय घ्यावा. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते असे चालकाने सांगितले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असला पाहिजे. तेव्हा गास्केट किंवा हेड पाहावे. तवंग नाही, बुडबुडेही नाहीत, अशा वेळी लायनरकडे वळावे.

शेवटचा निवाडा खालून होतो. थंड इंजिनाचे चेंबर उतरवून रेडिएटरच्या तोंडाशी हातपंप लावावा, झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब भरावा आणि दिवा घेऊन खालून वर पाहावे. थेंब पडण्यास कधी कधी काही तास लागतात. येथे धीर हवा. लायनरच्या खालच्या कडेबाहेरून थेंब आला तर रबरी कडे गेले. आतल्या भिंतीवरून ओघळला तर लायनरला छिद्र, अथवा वरून गळती. कोणत्या सिलिंडरात दोष आहे, हेही त्याच वेळी कळते.

लायनरला छिद्र पडण्याची रीत मोठी विलक्षण आहे. प्रत्येक स्फोटासरशी लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि त्यांच्या आघाताने लोखंडाचे कण निघत जातात. योग्य रसायने घातलेले शीतजल पोलादावर संरक्षक थर धरते. विहिरीच्या साध्या पाण्यात तो गुण नाही.

दोष दूर झाल्यावरही बेअरिंगे उघडून तपासावीत, फिल्टर बदलावा आणि तेलाच्या वाटा धुऊन मगच नवे तेल भरावे.