फ्रीजरमधले मटार

पुण्यातले एक गृहस्थ गेल्या मे महिन्यात बायको, मुलगा आणि 72 वर्षांची आई यांना घेऊन आग्रा, हरिद्वार, अमृतसर अशी 16 दिवसांची सहल करून आले. हे गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखकच. पण स्वतःची फजिती तृतीयपुरुषात सांगणं जरा सोपं जातं.

पहिली चूक निघण्याच्या दोन महिने आधीची. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. जातानाचं तिकीट त्यांनी पहिल्याच सकाळी मिळवलं आणि त्या आनंदात परतीचं विसरले. परतीच्या तारखेचं आरक्षण त्यानंतर दोन आठवड्यांनी उघडणार होतं. आठवण झाली तेव्हा मोठी वेटिंग लिस्ट लागली होती. ई-तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. पैसे मिळतात, गाडी मिळत नाही. मग अमृतसरला घरची मंडळी जालियनवाला बाग पाहत असताना हे तत्काळसाठी मोबाइल धरून बसले. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी 10 ला उघडतं, स्लीपरचं 11 ला. दोन्ही वेळा हुकल्या. शेवटी दिल्लीला गाडी बदलून, दोघं एका डब्यात आणि दोघं दुसऱ्यात, असे ते रविवारी रात्री 11 वाजता दारात पोचले. सोमवारी ऑफिस होतंच. जाण्याचं तिकीट काढतानाच परतीचं आरक्षण कधी उघडतं ते कॅलेंडरवर लिहिलं असतं, तर हे टळलं असतं.

दारात आईंनी सगळ्यांना थांबवलं. भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही! पण घरात भाकरी कुठली? प्रवासातून उरलेलं ग्लुकोजचं बिस्किट ओवाळलं गेलं.

आणि दार उघडलं.

निघताना गृहस्थांनी मोठ्या जबाबदारीने मेन स्विच बंद केला होता. फ्रीजरमध्ये हिवाळ्यात सोललेले चार किलो मटार आणि खवलेला नारळ आहे, हे बायकोने सांगितलं होतं म्हणे. मे महिना, बंद घर, 16 दिवस. त्या वासाचं वर्णन मासिकात शोभणार नाही. फ्रीज बंद ठेवायचा तर तो रिकामा करून, पुसून, दार किलकिलं ठेवावं. चालू ठेवायचा तर मेन चालू ठेवून फ्रीज सोडून बाकीची बटणं बंद करावीत. खायच्या सोड्याच्या पाण्याने फ्रीज तीनदा पुसला, तरी वास जाईना. तो दाराच्या रबराच्या घडीत लपला होता.

फ्रीजच्या मागचा ट्रे मात्र कुणाच्याच ध्यानात नसतो. त्यात पाणी साचतं, आणि डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस पुरतात. कुंडीखालच्या बशा, कूलर, झाकण नसलेली बादली यांचंही तेच. उलट न्हाणीच्या जाळीखालचं पाणी आटायला नको, कारण त्यानेच गटाराचा वास आणि झुरळं अडतात. निघताना तिथे तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर तेल सोडलं, की ते सावकाश आटतं.

पाचव्या दिवशी मुलाला ताप आला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता: “कुठे बाहेरगावी गेला होतात का?” डेंग्यूचा ताप डास चावल्यावर बहुधा 4 ते 10 दिवसांनी येतो, मलेरियाला याहून जास्त वेळ लागू शकतो. त्यामुळे परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर कुठे आणि कधी गेलो होतो हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावं. मुलाचा ताप साधा निघाला. तिसऱ्या दिवशी तो खेळायला गेला.

यंदा केरळहून ते शुक्रवारी परतले. किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. त्यांनी अर्धा लिटर दूध, वाटीभर विरजण आणि झाकलेला पिठलं-भात ठेवला होता. मटारही हल्ली त्यांच्याच फ्रीजरमध्ये मुक्कामाला जातात. परत येताना थोडे कमी असतात; पण ते मोजायचे नसतात.