साठी झाली म्हणून बुद्धी नाठी होत नाही

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतकी सहज उच्चारली जाते की वडीलधाऱ्यांचा विसरभोळेपणा वयाच्या खात्यावर टाकून सोडून दिला जातो, आणि ज्या काळात उपचारांनी माणूस पूर्ववत होऊ शकला असता तो काळ हातचा निघून जातो. देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता येऊ नयेत इतका बुद्धीचा ऱ्हास, झालेला आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख भरते आणि ती मुळीच लहान नाही. तरी शंभरातील नव्वदांहून अधिक ज्येष्ठांना हा आजार नसतो, हेही तोच आकडा सांगतो.

वयानुसार मेंदूचा वेग मंदावतो हे खरे. ओळखीच्या माणसाचे नाव जिभेवर येऊन अडकते आणि तासाभराने, भाजी निवडताना, आपोआप आठवते; ही विस्मृती निरुपद्रवी असते. मात्र चाळीस वर्षे पुरणपोळ्या केलेल्या बाईला डाळ आधी शिजवायची की वाटायची हे उमगेनासे झाले, किंवा रोजच्या मंडईतून घरी परतताना वाट चुकू लागली, तर ती तपासणीची वेळ होय. आपण काय काय विसरतो याची यादी रुग्ण स्वतः घेऊन येतो तेव्हा बहुधा चिंता किंवा अपुरी झोप आढळते. रुग्ण ‘मला काही झालेले नाही’ म्हणतो आणि घरचे लोक हवालदिल असतात, तेव्हा डॉक्टरांना अधिक सावध व्हावे लागते.

सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त कारकुनाची हकिकत या संदर्भात बोलकी आहे. पासबुकातील नोंदी पै-पैशाने जुळवणारे हे गृहस्थ तीन आठवड्यांत बेरजा चुकू लागले, दिवसा पेंगू लागले, आणि घरच्यांनी जाहिरातीतील स्मरणशक्तीचे सिरप सुरू केले. डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते, ही गोष्ट सुनेच्या लक्षात आली होती, पण ती कोणाला महत्त्वाची वाटली नाही. दीड महिन्यापूर्वी न्हाणीघराच्या चौकटीवर त्यांचे डोके आपटले होते. खोक पडली नाही म्हणून तो प्रसंग विसरला गेला, आणि रक्त पातळ करणारी गोळी तर रोज चालूच होती. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेले रक्त दिसले, कवटीला लहान छिद्र पाडून ते काढण्यात आले, आणि काही दिवसांतच पासबुक पुन्हा त्यांच्या हाती आले. सिरपच्या आणखी दोन बाटल्या संपेपर्यंत थांबले असते, तर ही हकिकत अशी सांगता आली नसती.

बुद्धीचा असा बिघाड काही आठवड्यांत झाला, किंवा चालणे, बोलणे, लघवीवरील ताबा यांत सोबतच बदल झाला, तर विलंब करू नये. एका-दोन दिवसांत सुरू झालेल्या गोंधळाला, म्हणजे वेळेचे व माणसांचे भान क्षणात येणे, क्षणात जाणे या अवस्थेला, डिलिरियम म्हणतात. लघवीतील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील सोडियम घटणे ही त्याची नेहमीची कारणे असून रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

सावकाश वाढणाऱ्या विस्मृतीतही थायरॉईडची कमतरता, नैराश्य आणि ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ची उणीव आधी शोधावी लागते. बी-१२ वनस्पतिजन्य आहारातून जवळजवळ मिळतच नाही आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळेही ते घटू शकते. उणीव सिद्ध झाल्यास इंजेक्शन किंवा गोळ्या जरूर घ्याव्यात, परंतु उणीव नसताना घेतल्याने बुद्धी तल्लख होत नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्या गोळ्या याहून घातक ठरतात, कारण सर्दी-खाजेच्या अनेक जुन्या गोळ्या स्मृतीला लागणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिन या मेंदूतील रसायनाचे कार्य अडवतात. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी स्वतःवर आजमावण्याची ही सवय ज्येष्ठांनी सोडलीच पाहिजे.

मोबाईलवर फिरणारे खोबरेल तेलाचे आणि भिजवलेल्या बदामांचे उपाय विस्मृती रोखतात याला भरवशाचा आधार नाही. जिन्को या वनस्पतीच्या अर्काची अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर काटेकोर चाचणी झाली आणि २००८ साली तिचा निष्कर्ष आला: डिमेन्शिया टळला नाही. शब्दकोडी आनंदाने सोडवावीत. त्यांनी मुख्यतः शब्दकोडी सोडवण्याचे कसब वाढते. याउलट ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली असे १४ घटक मांडले, की ते आटोक्यात आणले तर डिमेन्शियाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबणीवर पडू शकतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा हे त्यांपैकी काही होत. बहिरेपणाही त्यांतच येतो आणि घराघरांत दुर्लक्षिला जातो तो हाच. ऐकू न आल्याने माणूस बैठकीतून उठून आतल्या खोलीत बसू लागतो आणि संभाषणातून मेंदूला मिळणारे काम थांबते. श्रवणयंत्र लावण्यात कमीपणा मानण्याजोगे काहीही नाही.

तपासणीला येताना रुग्णासोबत त्याच्याच घरात राहणारी व्यक्ती असावी आणि सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्या, सिरपे, चूर्णे व काढे एका पिशवीत भरून आणावेत; डोक्याला लागलेला लहानसा मारही, तो दोन महिन्यांपूर्वीचा असला तरी, सांगावा.