खिशातील नोंदवही

घरातील किंवा शेजारच्या कोणाला तरी ‘शुगर’ आहे, असे तुम्ही ऐकले असेल. या आजाराला मराठीत मधुमेह म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार आपल्या देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे.

अन्नापासून तयार झालेली साखर रक्तात मिसळते. इन्सुलिन ती पेशींत पोचवते. इन्सुलिन कमी पडले किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला, की साखर रक्तातच साचते. हे वर्षानुवर्षे चालले, तर डोळे, हृदय, पाय आणि मूत्रपिंडे म्हणजे गुर्दे यांना इजा होते.

डॉक्टरांची भेट अधूनमधून होते. बाकीचे दिवस रुग्णालाच सांभाळावे लागतात. येथे मोबाइलमधील ॲप उपयोगी पडते. ग्लुकोमीटरवर थेंबभर रक्त तपासावे व आलेला आकडा ॲपमध्ये लिहावा. औषधाची वेळ झाली, की ॲप आठवण करून देते. नोंदींवरून ते आलेखही काढते. समजा, सकाळचा आकडा ठीक असतो, पण रात्रीच्या जेवणानंतर तो रोज 220 च्या वर जातो. ही गोष्ट आलेखात चटकन दिसते. मग औषध व आहार ठरवणे डॉक्टरांना सोपे जाते.

रमजानमध्ये अशी नोंद फार मोलाची असते. रोजे ठेवावेत की नाहीत, हे रुग्णाने आधीच डॉक्टरांना विचारावे. तपासणीसाठी बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, असे अनेक उलमांनी सांगितले आहे. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. मग मगरिबला दहा मिनिटे उरली असली, तरी थांबू नये.

साखर फार उतरली, की हात थरथरतात, घाम येतो, चक्कर येते. रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. लगेच दवाखान्यात न्यावे.

लक्षात ठेवा, ॲप म्हणजे डॉक्टर नव्हे. ‘औषधे बंद करा’ असे सांगणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नका.

दादाजान किंवा नानीजान यांना बारीक अक्षरे दिसत नसतील, तर नोंद तुम्ही करा. तो आकडा तुमच्याकडे अमानत आहे. चारचौघांत सांगू नका. आकडा वाढला म्हणून त्यांना बोलूही नका. बोलणी बसली, तर पुढच्या वेळी ते खरा आकडा सांगणार नाहीत. आणि आकडाच खोटा असला, तर ॲप काय कामाचे?

स्वाध्याय
1. ॲपमधील आलेखाचा डॉक्टरांना काय उपयोग होतो?
2. रोजा केव्हा सोडावा, असे तज्ज्ञ सांगतात?
3. ‘अमानत’ हा शब्द वापरून दोन वाक्ये लिहा.